दुसऱ्याच्या मॉनिटरचे आकडे

लिनक्सच्या संगणकाला आज मॉनिटर जोडला की आपल्याला सहसा काही करावं लागत नाही. मॉनिटर आपली ओळख सांगतो, कर्नल ती वाचतो आणि चित्र जागच्या जागी बसतं. वीस-बावीस वर्षांपूर्वी यातलं बरंचसं काम माणसाच्या गळ्यात होतं. मॉनिटर किती वेगाने चालतो, कार्ड कोणतं, रंग किती, रिझोल्यूशन काय, हे सगळं एका साध्या मजकुराच्या फाइलीत हाताने लिहायचं. पडद्यावर चित्र आणणारा प्रोग्राम एक्सफ्री८६ होता त्या काळात तिचं नाव होतं एक्सएफ८६कॉन्फिग. २००४ साली परवान्यावरून वाद झाला, बहुतेक मंडळी एक्स-डॉट-ऑर्गकडे गेली आणि फाइल झाली एक्सऑर्ग-डॉट-कॉन्फ. नाव बदललं, पण तिच्यात लिहिताना मी करत आलेली चूक बदलली नाही. किंबहुना ती एकच चूक आहे हे कळायलाच मला बरीच वर्षं लागली.

मी शाळेत विज्ञान शिकवत होतो आणि तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचे संगणक हौसेने सांभाळत होतो. वाचनालय ‘क’ वर्गाचं, अनुदान जेमतेम. विंडोजचे परवाने विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून लिनक्स. संगणक म्हणजे पुण्यातल्या एका कचेरीने नवे घेतल्यावर देऊन टाकलेले. त्यात मॉनिटर एका जोडीतला, सीपीयू दुसऱ्या जोडीतला आणि केबली कुठल्याच जोडीतल्या नाहीत.

पहिल्या संगणकावर रेडहॅट लिनक्स ९ टाकलं आणि पडदा आला ६४०×४८०चा. एवढ्याशा जागेत सेटिंगच्या खिडक्या मावत नव्हत्या, ‘ओके’चं बटण पडद्याच्या खाली जायचं. आल्ट दाबून माउसने खिडकी वर ओढली की ते सापडायचं. ग्रंथपालताई ही युक्ती शिकल्या, पण विचारल्याशिवाय राहिल्या नाहीत, “सर, हे बटण जमिनीखाली कशाला पुरलंय?”

उत्तर लॉगमध्ये होतं. एक्सफ्री८६ सुरू होताना काय पाहिलं, काय नाकारलं आणि का नाकारलं, ते ओळीने लिहून ठेवायचा. १०२४×७६८च्या पुढे कारण दिलं होतं : ‘एच-सिंक आउट ऑफ रेंज’. मॉनिटरने आपली ओळख दिली नाही आणि फाइलीतही त्याचा वेग लिहिलेला नसला, तर हा प्रोग्राम सावध पवित्रा घ्यायचा. आडवी वारंवारता तो २८ ते ३३ किलोहर्ट्झ धरून चालायचा. ६४०×४८०ला साधारण ३१.५ लागतात, म्हणून ते बसतं. ८००×६००ला साठ हर्ट्झवर ३७.९ लागतात, ते बाहेर राहतं. म्हणजे नकार बिनबुडाचा नव्हता. ‘या काचेला काय सोसतं हे कुणी मला सांगितलेलं नाही,’ एवढंच तो म्हणत होता.

मी त्याचा अर्थ घेतला की रेंज लहान पडतेय, मोठी करा. एका मित्राच्या १९ इंची मॉनिटरची फाइल माझ्याकडे होती. तिच्यातल्या दोन ओळी उचलल्या : आडवी ३० ते ११० किलोहर्ट्झ, उभी ५० ते १६० हर्ट्झ. आमचा मॉनिटर होता १५ इंची.

हे आकडे म्हणजे नेमकं काय, ते मला तेव्हा ठाऊक असायला हवं होतं, कारण हिशोब आठवीच्या मुलाला जमेल इतका सोपा आहे. काचेच्या नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत डावीकडून उजवीकडे एक ओळ काढतो, परत येतो आणि खालची ओळ काढतो. औताचा तास संपला की बैल वळवायला बांधालगत थोडी जागा सोडावी लागते, तशी प्रत्येक ओळीच्या शेवटी आणि प्रत्येक चित्राच्या शेवटी झोताला परतायला सवड द्यावी लागते. म्हणून १०२४ ठिपक्यांची ओळ प्रत्यक्षात १३४४ ठिपक्यांएवढा वेळ घेते आणि ७६८ ओळींचं चित्र ८०६ ओळींएवढा. साठ हर्ट्झच्या मोडमध्ये कार्ड सेकंदाला साडेसहा कोटी ठिपके पाठवतं. त्याला १३४४ने भागलं की सेकंदाला ४८,३६३ ओळी, म्हणजे ४८.४ किलोहर्ट्झ. त्याला ८०६ने भागलं की साठ चित्रं. फाइलीतल्या ‘मोडलाइन’ नावाच्या लांबलचक ओळीत हेच आकडे असतात, फक्त भागाकार न करता लिहिलेले.

त्या मॉनिटरची आडवी मर्यादा होती ५४ किलोहर्ट्झ. म्हणजे साठ हर्ट्झवर १०२४×७६८ त्याला आरामात जमलं असतं. मी फाइलीत ‘३० ते ५४’ लिहिलं असतं तर काम तिथेच संपलं होतं. पण मी ११० लिहिले. आणि दिलेल्या रेंजमध्ये एकाच नावाचे अनेक मोड बसत असतील, तर प्रोग्राम त्यातला सगळ्यात जास्त रिफ्रेशचा उचलायचा. डोळ्यांना तेच बरं, या हेतूने. त्याने ८५ हर्ट्झचा उचलला. त्याला लागतात ६८.७ किलोहर्ट्झ.

पडद्यावर तिरक्या रेघा पळायला लागल्या आणि आतून बारीक शिट्टी ऐकू आली. इथे तरी बटण बंद करायचं! मी करत बसलो मॉनिटरच्या पुढच्या बटणांनी चित्र सरळ करायचा खटाटोप. मग काहीतरी तडकल्यासारखा आवाज, जळका वास आणि काळोख. शाळेत मुलांना फ्यूज का असतो ते शिकवणाऱ्या माणसाने इशारा देणारी यंत्रणा आपल्या हाताने बाजूला केली होती. मर्यादा सांगणारी पुस्तिका खोक्याच्या तळाशी सापडली, ती मॉनिटर दुरुस्तीला नेण्यासाठी खोकं रिकामं करताना.

दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण काढून सांगितलं, पॉवर सप्लाय शाबूत आहे, लाइन आउटपुटचा ट्रान्झिस्टर आणि त्याच्यालगतचा भाग गेलाय. दाब वाढल्याने मॉनिटर जातो तेव्हा आधी सप्लाय बसतो, एवढं मलाही कळत होतं. खर्च वाचनालयाला झेपणारा नव्हता. कार्यवाहांना सगळं गाव अण्णा म्हणायचं. ते दिवस भारनियमनाचे होते. वीज कधी जाईल, कधी येईल, आली तर किती दाबाने येईल, काही भरवसा नव्हता. अण्णा स्वतःच म्हणाले, “लाइटनंच खाल्ला असणार, सर.” मी म्हणालो, “असेल.” डेडस्टॉक रजिस्टरात त्या मॉनिटरपुढे लिहिलं गेलं : विजेच्या दाबामुळे नादुरुस्त. आणि पुढच्या बैठकीत ठराव करून स्टॅबिलायझर घेतला गेला. पैसे पुस्तकखरेदीतून वळवले.

यानंतर मी सावध झालो असं म्हणावं, तर तसंही नाही. फक्त चुका स्वस्त होत गेल्या.

दुसरा मॉनिटर नवा होता, आपली ओळख सांगणारा. तरी १०२४×७६८ येईना. मॉनिटरच्या पोटात १२८ बाइटची एक नोंद असते, ईडीआयडी नावाची. कंपनी, मॉडेल, कोणते मोड चालतात, वेगाच्या मर्यादा काय, हे तिच्यात भरलेलं असतं. आयबीएमने १९८७ साली आणलेल्या व्हीजीएच्या त्याच पंधरा पिनांच्या जोडणीतून ही नोंद वाचायची पद्धत १९९४च्या सुमारास ठरली. बाराव्या पिनेवरून माहिती येते, पंधराव्या पिनेवरून तिची लय. मी फाइल उलटसुलट करत राहिलो, ड्रायव्हर बदलले, नवं व्हर्जन टाकलं. लॉग मात्र पहिल्यापासून सांगत होता की मॉनिटरकडून काहीच वाचता आलेलं नाही. अखेर केबल काढून पाहिली तर नववी पिन गायब. सापडला चोर, असं वाटून दुकानदाराशी भांडूनही आलो. नववी पिन कित्येक चांगल्या केबलींत मुद्दामच नसते, हे नंतर समजलं. शाळेचा मल्टिमीटर आणून एकेक पिन तपासली तेव्हा खरा प्रकार दिसला. टेबल भिंतीपासून दूर असल्यामुळे मध्ये एक जोडकेबल लावली होती. तिच्यात बारावी आणि पंधरावी पिन दिसायला जागेवर होत्या, आत तार नव्हती. चित्राच्या तारा सगळ्या होत्या, त्यामुळे चित्र येत होतं आणि केबलीवर संशय जात नव्हता. जोडकेबल काढली, टेबल भिंतीकडे सरकवलं, पडदा आपोआप नीट झाला. दुकानदाराकडे पुन्हा गेलो नाही, हेही इथेच सांगून टाकतो.

तिसऱ्या संगणकात दोन एमबी स्मृतीचं जुनं ग्राफिक्स कार्ड होतं. १०२४×७६८ मागितलं की लॉग म्हणायचा, ‘इन्सफिशियंट मेमरी फॉर मोड’. मग कमी मागावं म्हणून मी ८००×६०० केलं आणि गप्प बसलो. हिशोब पुन्हा साधाच. १०२४ गुणिले ७६८ म्हणजे ७,८६,४३२ ठिपके. चोवीस बिटी रंगांत ड्रायव्हर सहसा एका ठिपक्याला चार बाइट देतो, म्हणजे तीन एमबी हवेत. सोळा बिटी रंगांत दोनच बाइट, म्हणजे दीड एमबीत काम होतं. कार्ड दोन एमबीचं, त्यात दीड आरामात बसतं. कमी करायचे होते रंग आणि मी कमी केले ठिपके.

वाचनालयाच्या सूचीला लाखो रंग घेऊन करायचं काय? तिथे लागतात अक्षरं. दाखलअंक, पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, कपाट, एवढे रकाने आठशे ठिपक्यांच्या रुंदीत बसवायला आम्ही फाँट लहान करत गेलो. रोमन अक्षर दहा ठिपक्यांच्या उंचीतही तग धरतं. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा लागते, खाली उकार लागतो आणि मधल्या उरलेल्या जागेत ‘राष्ट्र’मधला ष्ट्र मांडायचा असतो. घ आणि ध, भ आणि म एकसारखे दिसायला लागले. ताई नावं अंदाजाने वाचत होत्या आणि सूचीत चुका शिरत होत्या. मी त्यांना शुद्धलेखन तपासायला सांगत होतो. रंग सोळा बिटींवर आणले त्या दिवशी फाँट दोन मापं मोठा झाला आणि फोटोंच्या रंगांत पडलेला फरक कुणाच्या लक्षातही आला नाही.

पण सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो रुंद पडद्याने. २००७च्या सुमारास १४४०×९००चा एलसीडी मॉनिटर देणगीत मिळाला. तो जोडला इंटेल ९१५ चिपसेटच्या संगणकाला. वर आलं १०२४×७६८, आडवं ताणलेलं. मॉनिटर तेच चित्र रुंदीत १.४ पट आणि उंचीत जेमतेम १.१७ पट फुगवत होता, त्यामुळे गोल लंबवर्तुळ झाले आणि अक्षरांच्या कडांवर धुकं आलं. नळीच्या मॉनिटरला ठिपक्यांची ठरलेली जागा नसते, एलसीडीला असते. त्याच्या मूळ मापाशिवाय दुसरं कोणतंही माप म्हणजे तडजोड.

कुणीतरी सांगितलं होतं की बूट करताना कर्नलला ‘व्हीजीए बरोबर ७९१’ असं लिहून द्यायचं. मी लिहिलं. काळ्या पडद्यावरची अक्षरं बारीक झाली, डेस्कटॉप जसाच्या तसा. ७९१ हा आकडा फक्त मजकुराच्या कन्सोलसाठी आहे, १०२४×७६८ सोळा बिटी मोडचा तो क्रमांक. हे न समजल्यामुळे मी १४४०×९००चा क्रमांक शोधत बसलो. तो सापडणार कुठून? व्हेसा संस्थेची क्रमांकांची प्रमाण यादी १२८०×१०२४पाशीच थांबते. रुंद पडदे आले तोवर नवे क्रमांक देणंच बंद झालं होतं.

खरा अडथळा दुसरीकडे होता. त्या वेळचा इंटेलचा ड्रायव्हर स्वतः मोड लावत नसे, कार्डाच्या बायोसला सांगत असे आणि त्या बायोसच्या यादीत १४४०×९०० नव्हतंच. त्यावर ‘९१५रिझोल्यूशन’ नावाचं एक छोटं साधन निघालं होतं. बायोसची जी प्रत मेमरीत चढलेली असते, तिच्यातला एखादा न लागणारा मोड पुसून त्या जागी ते आपला मोड लिहायचं. संगणक बंद केला की बदल गेला, म्हणून प्रत्येक बूटला ते पुन्हा चालवावं लागे. मी ती आज्ञा आरसी-लोकल फाइलीत टाकली. ती फाइल चालते सगळ्यात शेवटी, तोवर डेस्कटॉप सुरू झालेला असतो. त्यामुळे सकाळी पडदा ताणलेलाच यायचा आणि कंट्रोल-आल्ट-बॅकस्पेस दाबून एक्स बंद पाडलं की पुन्हा सुरू होताना नीट यायचा. आज्ञा आधी चालेल अशी व्यवस्था करायची सोडून मी सीपीयूवर चिठ्ठी चिकटवली : ‘सुरू झाल्यावर एकदा कंट्रोल-आल्ट-बॅकस्पेस दाबणे.’ माझ्या चुकीची मी ताईंना सवय लावली.

२००९च्या एप्रिलमध्ये उबुंटू ९.०४ आलं आणि त्यात ही तीन कळांची सोय मूळ सेटिंगमध्येच बंद केलेली होती. मी हौसेने व्हर्जन बदललं आणि दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन, “सर, चिठ्ठीवरचं चालत नाही.” गंमत म्हणजे तोवर इंटेलचा ड्रायव्हर बायोसला न विचारता स्वतः मोड लावायला लागला होता. ना त्या साधनाची गरज होती, ना चिठ्ठीची. अडचण होती माझ्या फाइलीची. तिच्यात मी कधीतरी तात्पुरतं म्हणून १०२४×७६८ लिहून ठेवलं होतं आणि नवा ड्रायव्हर ते इमानेइतबारे पाळत होता.

त्याच वर्षी मार्चमध्ये आलेल्या कर्नल २.६.२९पासून मोड लावायचं काम इंटेलपुरतं कर्नलकडे जायला सुरुवात झाली, पुढे इतर कार्डांचंही. पुढचं एक व्हर्जन इन्स्टॉल करताना पडदा काळा राहिला म्हणून मी ‘नोमोडसेट’ लिहून वेळ मारून नेली. पडदा उजळला, शब्द मात्र बूटच्या ओळीत कायमचा राहिला. कर्नलने मोड लावू नये, असा त्याचा अर्थ. नवा इंटेल ड्रायव्हर कर्नलशिवाय चालत नाही, त्यामुळे त्याच्या जागी कामचलाऊ व्हेसा ड्रायव्हर आला आणि पडदा पुन्हा १०२४×७६८. मी सीव्हीटी आज्ञेने मोडलाइन काढली, एक्सरँडआरने ती भरायला गेलो, तर उत्तर आलं ‘फेल्ड टु गेट साइझ ऑफ गॅमा फॉर आउटपुट डिफॉल्ट’. मी गॅमाच्या मागे लागलो. खूण होती शेवटी. खरा ड्रायव्हर चालू असता तर तिथे व्हीजीए-१ असं काही नाव दिसलं असतं. ‘डिफॉल्ट’ दिसलं म्हणजे खरा ड्रायव्हर गादीवर नाहीच. नोमोडसेट काढलं, जुनी फाइल बाजूला केली, संगणक पुन्हा सुरू केला आणि १४४०×९०० मुकाट्याने आलं. इतक्या वर्षांत मी त्या फाइलीत केलेली सर्वांत उपयोगी दुरुस्ती म्हणजे ती फाइल काढून टाकणं.

त्या फाइलीची जुनी प्रत मी एकदा सवडीने वाचली. एकेका ओळीपाशी थांबून विचारलं की हा आकडा आला कुठून? एक मित्राच्या मॉनिटरचा. एक दुसऱ्या चिपसेटचा. एक मागच्या व्हर्जनसाठी तात्पुरता. आमच्या वाचनालयातल्या यंत्रांचा जवळपास एकही नाही. केबलीच्या वेळी पुरावा होता तिथे पाहिलं नाही, रंगांच्या वेळी गुणाकार केला नाही, पण मुळाशी गोष्ट तीच : यंत्र कारण सांगत होतं आणि मी ते खोडायला दुसरीकडून उत्तर आणत होतो.

आणि त्याच जातीचं एक वाक्य रजिस्टरातही होतं. मी अण्णांकडे जाऊन सगळं सांगितलं, ट्रान्झिस्टर, मित्राची फाइल, पुस्तिका. ते रागावले, पण मॉनिटरवरून नाही. म्हणाले, “मॉनिटर काय, जायचाच कधीतरी. पण बैठकीत मी तोंड वर करून स्टॅबिलायझर मागितला, तेव्हा तुम्ही शेजारी बसला होतात.” मग त्यांनी रजिस्टर काढलं. आधीची नोंद खोडू दिली नाही. तिच्याखाली तारीख घालून माझ्या हाताने लिहून घेतलं : चुकीच्या सेटिंगमुळे नादुरुस्त, पूर्वीचे कारण बरोबर नाही. खाली सही. स्टॅबिलायझरचे पैसे मी पुस्तकखात्यात भरले. अण्णांनी पावती दिली, आभार मानले नाहीत. ते योग्यच होतं.

आताही कुणाचा जुना संगणक आला तर मी पाहतो. आधी लॉग शेवटपर्यंत वाचतो, मग केबल, मग मॉनिटरचं मूळ माप, मग कार्डाच्या स्मृतीचा गुणाकार. फाइलीत काही लिहायची वेळ आलीच, तर त्या ओळीच्या वर हॅशचं चिन्ह टाकून लिहितो की हा आकडा कुठल्या पुस्तिकेतून किंवा कुठल्या मॉनिटरच्या नोंदीतून घेतला, कधी आणि कशासाठी. वर लिहायला काही नसलं तर खालचा आकडाही लिहीत नाही.